उघडं तांबं

मंठा रोडवरच्या त्या गोदामात दुपारी वेगळीच शांतता असायची. बियाण्याच्या थप्प्या आवाज पिऊन टाकतात, हे मला तिथं कळलं. बाहेरून ट्रक जायचा, पत्रे थरथरायचे, पण आत त्यातलं काही पोचायचं नाही. गुलाबी औषध लावलेल्या बियाण्याचा वास, वरच्या जाळीतून पडलेली उन्हाची तिरकी पट्टी आणि तिच्यात सावकाश फिरणारी धूळ. त्या धुळीकडे बघत बसलं की आपण पाण्याखाली आहोत असं वाटायचं. मी समुद्राकाठची आहे. जालन्यात पाण्याखाली असल्यासारखं वाटावं अशी जागा मला तेवढी एकच सापडली.

थप्प्यांच्या मागे, भिंतीला टेकून, ते यंत्र उभं होतं. दोन लोखंडी कपाटं, माझ्यापेक्षा वीतभर उंच. समोर खटक्यांची एक रांग आणि तिच्यावर सोळा बारीक दिवे, सगळे विझलेले.

"ह्याला मिनीकॉम्प्युटर म्हणतात," सर पहिल्या दिवशी म्हणाले.

गोदामाचे वॉचमन मामा बाजूलाच उभे होते. "मिनी? ह्ये मिनी, तर मंग मोठं किती असंल? त्याला रहायला वाडीच लागत असंल."

"मोठं खोलीभर असायचं मामा."

"अन् मी येडा, कपाट समजून राह्यलो इतके साल."

नुसतं समजून राहिले नव्हते. खंडे नवमीला गोदामातल्या पंख्याची, काट्याची, हातगाडीची पूजा व्हायची, तेव्हा मामा ह्या कपाटालाही हळदकुंकू लावायचे. उगाच एकाला वगळून वाईटपणा कशाला, म्हणून. कपाटाच्या जाळीतून आत गेलेलं ते कुंकू मी नंतर कितीतरी दिवस ब्रशनं काढत होते. खालच्या थरातलं काळपट झालेलं, वरचं अजून लाल. मामा ओशाळून बघायचे. सर मात्र म्हणायचे, "मामांनीच सांभाळली हिला. पूजेचं म्हणून कुणी हात न्हाई लावला. न्हाईतर कवाच भंगारात गेली असती."

सर हसनाबादकडचे. शाळामास्तर नव्हते, पण सगळे सरच म्हणत. पंचविशीत असताना ह्याच यंत्रावर काम करायला ते ह्या बियाणे कंपनीत लागले. कुठल्या लॉटमधल्या शंभर दाण्यांतले किती उगवले, ते सगळं तेव्हा हे यंत्र लक्षात ठेवायचं. पुढे टेबलावर मावणारे कॉम्प्युटर आले, हे मागं सरकत सरकत भिंतीला लागलं आणि त्याच्यापुढं पोती चढली. सर रिटायर झाले, पण यंत्र त्यांच्या डोक्यातून उतरलं नाही. शेवटी कंपनीच्या शेठजींकडून त्यांनी मुदत मागून घेतली. शेठजींचं म्हणणं सरळ होतं. "पाडव्यानंतर उन्हाळी माल येतो सर. मला जागा लागते. पाडव्यापर्यंत चालू झाली तर ठेवा कोपऱ्यात. न्हाई झाली, तर भट्टीवाल्याचा ट्रक बोलावतो."

जालन्यात लोखंडाचा शेवट सगळ्यांना माहीत असतो. माझा नवरा रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतो. भट्टीत काय काय जातं ते तो घरी येऊन सांगतो: शिलाई मशिनी, पाळणे, बसचे सांगाडे. वितळल्यावर सगळं एकाच रंगाचं दिसतं म्हणे.

मला बोलावलं होतं ते पंख्यांसाठी. यंत्राला आतून वारा घालायला सहा छोटे पंखे होते, त्यातले चार जळालेले. मी मोटार वाइंडिंग करते. जळालेल्या मोटारीतलं तांबं काढायचं, नवं भरायचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला काहीच येत नव्हतं. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा, आठवीची खाडीपलीकडे. त्या वर्षी होडी बंद झाली, तशी शाळाही सुटली. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मी दाराशी बसून वारा बघितला. आमच्याकडे वाऱ्याला ओल असते. इथला वारा कोरडा, तोंडातलं पाणी घेऊन जाणारा. मग नव्या मोंढ्यातल्या उस्तादांनी मला वर्कशॉपमध्ये बसवून घेतलं. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही. बोटं बारीक आहेत, म्हणाले, आणि घाबरट आहे, म्हणजे घाई करणार नाही. मी खरंच घाबरट आहे. एक जोड तीनदा तपासते, घराचं कुलूप चारदा ओढते.

उस्तादांनी शिकवलेला पहिला नियम असा: "तांबा खुला नक्को छोडना, बेटी." तांबं उघडं राहिलं की त्याला हवा लागते, ओल लागते, एक दिवस ते शेजारच्याला चिकटतं आणि मोटार जळते. म्हणून काम संपलं की शेवटी व्हार्निश. ब्रशनं, पातळ, दोनदा. हा नियम माझ्या हातात इतका मुरलाय की घरी दरवाज्याची कडी चमकताना दिसली तरी बोटं वळवळतात.

पंखे भरून झाले. खरं तर माझं काम तिथं संपत होतं. पण सरांचे हात थरथरायचे आणि डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. ते म्हणाले, "ताई, थोडे दिवस अजून येता का? मी सांगतो, तुम्ही करा." उस्ताद म्हणाले, जा. मी गेले. मला पुन्हा कुणी काही शिकवतंय याचंच नवल होतं. यंत्राच्या आतून अकरा कार्डं निघाली, पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढी, वर काळ्या किड्यांसारखे बारीक भाग ओळीनं बसवलेले. कुठलं कुठून काढलं त्याच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझं अक्षर शाळा सुटली तेव्हाचंच राहिलंय, गोल गोल. सर चिठ्ठी डोळ्याशी नेऊन वाचायचे आणि म्हणायचे, "बराबर."

मग सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जाताना म्हणाले, "कार्डं नुसती पुसून ठेवा. मी आठ दिवसांत आलो."

ते आठ दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. दुपारी मामा पोत्यांवर आडवे व्हायचे. मी उन्हाच्या पट्टीत बसून एकेक कार्ड मऊ ब्रशनं झाडायची. धुळीखालून हिरवा रंग वर यायचा, ओहोटीला शेवाळ उघडं पडतं तसा. त्या हिरव्यावर बारीक रेघा, पाऊलवाटांसारख्या, कुठून तरी कुठे तरी निघालेल्या. एखाद्या रेघेवर नजर ठेवून चालत जावं तर मध्येच ती दुसऱ्या बाजूला बुडायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि न कळताच बरं वाटत होतं.

प्रत्येक कार्डाच्या एका कडेला ओळीनं पिवळ्या पट्ट्या होत्या. नखाएवढ्या रुंदही नाहीत. साऱ्या कार्डावर कसलं तरी पातळ कवच होतं, ह्या पट्ट्या तेवढ्या उघड्या. मला वाटलं, बनवणाऱ्यांचं राहून गेलं. किंवा इतक्या वर्षांत उडून गेलं. पंख्यांसाठी आणलेलं व्हार्निश डब्यात तळाशी उरलं होतं. मी अकराही कार्डांच्या पट्ट्यांना व्हार्निश दिलं. पातळ, दोनदा. रिकाम्या पोत्यावर ती वाळत ठेवली.

मामा उठून आले. "आरशावानी चमकून राह्यलं ताई."

"सर खूश होतील," मी म्हटलं.

सर आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी आणि वरून काळा चष्मा घालून. खुर्ची टाकून बसले. त्यांना कार्डं दिसणार नव्हती, पण बोलायला ते उतावीळ झाले होते. "आता एकेक खाचेत बसवायचं. बसवण्याच्या आधी तुम्हाला समजून सांगतो. कार्डाच्या कडेला पिवळ्या पट्ट्या हायत ना?"

"आहेत."

"सोन्याचा मुलामा हाय तो. हवेनं खराब होऊ नये म्हणून. ती पट्टी खाचेतल्या पट्टीला उघड्यानं भिडते. सगळी वीज तिथूनच येते जाते. मधी केसभर जरी काही आलं, तर यंत्र मुकं."

माझ्या हातात तिसऱ्या नंबरचं कार्ड होतं. पट्ट्या चमकत होत्या. मी ते कार्ड हळूच पोत्यावर ठेवलं, जणू आवाज झाला तर सगळं कळेल.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले. संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलंस मां गो?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं, ते खोटं होतं. पाडव्याला बारा दिवस होते. मी न बोलता राहिले असते तर काय झालं असतं, ते मला नीट दिसत होतं. कार्डं खाचेत बसली असती. वीज दिली असती. काहीच पेटलं नसतं. सर म्हणाले असते, जुनं झालं, चालायचंच. शेठजी म्हणाले असते, मी सांगितलंच होतं. ट्रक आला असता. माझं नाव त्यात कुठेच आलं नसतं. मी जन्मभर चुका होण्याला भ्यायले, पण चूक लपून जाण्याची भीती किती मोठी असते ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी उभ्या उभ्याच सांगितलं. "सर, त्या पट्ट्यांना मी व्हार्निश लावलंय."

"कोणत्या पट्ट्यांना?"

"सगळ्या. अकराही."

काळ्या चष्म्यामुळे मला त्यांचे डोळे दिसत नव्हते. मामाच आधी बोलले. "म्हंजे ताई, दाराला रंग देता देता कडीलाबी दिला म्हणा की. आता दार उघडंना!"

"गप बसा मामा," सर म्हणाले. मग मला: "का लावलं?"

"उघडं दिसलं म्हणून."

"तांबं समजून?"

"हो."

मग त्यांनी विचारलं, "व्हार्निश कोणतं? भट्टीत भाजायचं का हवेवर वाळणारं?"

"हवेवरचं. इथं भाजायची सोय नव्हती. असती तर भाजलं असतं."

सरांनी खुर्चीच्या दांड्यावर दोन्ही हात टेकले आणि मोठा श्वास सोडला. "भाजलं असतं तर मुलाम्यासकट खरवडावं लागलं असतं. हवेवरचं निघतं. वेळ लागंल. पण ताई, तुम्ही सांगितलं न्हाई असतं ना, मी तर हिलाच दोष देऊन बसलो असतो." आणि थोड्या वेळानं: "पुसून ठेवा म्हणलो, का पुसायचं ते न्हाई सांगितलं. अर्धी चूक माझी लिहा."

मी रडले. मामा चहा सांगायला गेले, न विचारता.

पुढचे आठ दिवस मी थिनर आणि कापसात काढले. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, थिनरमध्ये बुडवून पिळायचा, एका पट्टीवर एकदाच फिरवायचा. खरवडायचं नाही, मुलामा जाईल. थिनर वर चढू द्यायचं नाही, भाग विरघळतील. वासानं डोकं हलकं व्हायचं, म्हणून मी दाराशी सावलीत बसायची. एक कार्ड झालं की सर ते हातात घेत. दिसत नव्हतंच, म्हणून बोटाच्या टोकानं पट्ट्यांवरून चालत जात. कुठे चिकट लागलं की थांबत. "इथं." मग मी पुन्हा. शेवटी त्यांच्या बोटांचं तेलही स्पिरिटनं पुसायचं.

सगळं निघालंय की नाही हे बघायला मीटर होता. त्याच्या दोन सुया एकाच पट्टीच्या दोन टोकांना लावायच्या. पट्टी उघडी असेल तर मीटर टिक करून वाजतो, पडदा राहिला असेल तर मुका. अकरा कार्डं, दोन्ही बाजू, शेकडो पट्ट्या. दुपारभर तो आवाज. टिक, टिक, टिक, रातकिड्यासारखा, पण भर उन्हात. त्या आवाजात सरांना डुलकी लागायची. हनुवटी छातीवर यायची. मामाही घोरायचे. मी एकटी जागी, आणि मीही पूर्ण जागी नसायची. हात आपले चालत. एखादी पट्टी मुकी राहिली की सर झोपेतच, डोळे न उघडता म्हणायचे, "पुन्हा."

एकदा असंच डुलकीतून उठून त्यांनी विचारलं, "ताई, शाळा किती झाली?"

"आठवीच्या दारापर्यंत."

"मीबी ह्या यंत्राचं कोणत्या शाळेत न्हाई शिकलो," ते म्हणाले. "इथंच उभं राहून शिकलो. चुकत." आणि पुन्हा झोपले.

वीज देण्याची तयारी एकीकडे चालूच होती. यंत्राचा वीजपुरवठा वेगळा डबा होता, त्यात वीज साठवणारे, पाण्याच्या ग्लासाएवढे कंडेन्सर. इतकी वर्षं उपाशी. त्यांना एकदम पूर्ण वीज दिली तर फुगून फुटतात. सर म्हणाले, लंब्या उपासावर एकदम पुरणपोळी वाढत नसतात, आधी पेज. म्हणून तो डबा यंत्रापासून सोडवून, मध्ये दोनशेचा बल्ब घालून, उस्तादांच्या वर्कशॉपमधला डिमरस्टॅट लावला. त्याची गोल मूठ फिरवली की वीज थोडी थोडी वाढते. ते काम माझ्या हातचं होतं. अशी सिरीज लावून मोटारी तपासणं मला झोपेतही येतं. मूठ रेघभर फिरवायची, बल्बमधली तार लालसर व्हायची, मग आत कंडेन्सरचं पोट भरलं की आपोआप मावळायची. मग पुढची रेघ. दोन दिवस मी ती तार उगवताना आणि मावळताना बघितली. तिसऱ्या दिवशी मीटरवर पाच व्होल्ट आले आणि हलले नाहीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, शेठजी आले. गाडीची किल्ली बोटावर फिरवत. अकरा कार्डं खाचेत बसली होती. मी प्रत्येकाची चिठ्ठी तीनदा वाचली होती.

"आज डिमरस्टॅट न्हाई," सर म्हणाले. "कार्डांना अर्धी वीज चालत न्हाई, गोंधळतात. द्यायची तर पूर्ण. ताई, खटका तुम्ही दाबा."

"तुम्ही दाबा सर."

"माझा हात थरथरतो. अन् तुमच्या कानाला पंखा कळतो."

मी खटका दाबला. आधी पंखे. सहाही, एकेक करून, सूर धरत. चांगल्या भरलेल्या मोटारीचा आवाज मला ओळखता येतो, त्यात कुरकुर नव्हती. वास आला नाही, धूर आला नाही. मग समोरच्या रांगेत दिवे लागले. लाल नव्हेत, पिकल्या आंब्याच्या रंगाचे. सगळे नाही. काही लागलेले, काही विझलेले.

सरांच्या डोळ्याची पट्टी निघाली होती, पण दिवे त्यांना एकात एक मिसळलेले दिसत होते. ते म्हणाले, "खाली सोळा खटके हायत. मी सांगतो तसे वर-खाली करा, अन् बाजूचा मोठा दाबा. मंग वरचे दिवे डावीकडून वाचा. जो खटका वर, त्याचा दिवा लागला पायजे."

मी तसं केलं आणि वाचलं. "विझलेला. विझलेला. लागला. विझलेला. लागला. लागला..." शाळेत पाढे म्हणायचे तसा माझा आवाज येत होता. चौदाव्या दिव्याशी मी थांबले. "हा लागायला हवा होता ना सर?"

"हो."

"नाही लागला." शेठजी समोर होते. "सर, माझीच एखादी पट्टी राहिली असेल."

"असंल. न्हाईतर दिवाच गेला असंल. बाकीचे?"

"बाकीचे बरोबर."

"बराबर," सर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

शेठजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "हे आता करतं काय सर?"

"आत्ता नुसतं ऐकून राह्यलंय. आपण काय सांगतो ते धरून ठेवतं."

"पंधरा दिव्यांवर?"

"पंधरा दिव्यांवर."

शेठजींनी किल्ली खिशात टाकली. जाळीसमोर हात धरून आतून येणारा वारा बघितला. "चालू झाली तर ठेवा म्हणलो होतो. चालूच हाय ही." मग मामांकडं वळून: "दोन थप्प्या इकडं सरकवा. पण हिच्यापुढं माणूस जायला वाट ठेवा, न्हाईतर पुढच्या साली पुन्हा पोती चढवून ठेवसाल."

"वाट ठेवतो ना शेठ," मामा म्हणाले. "मिनीच तर हाय, कितीशी जागा लागती!"

शेठजी हसले आणि गेले. भट्टीवाल्याला त्यांनी दारातूनच फोन लावला, जुने रॅक तेवढे न्यायला या म्हणून.

सर म्हणाले, "पहिल्या दिवशी जास्त वेळ न्हाई चालवायची. बंद करा ताई."

मी खटक्यावर बोट ठेवलं. पंख्यांचा वारा मनगटावर येत होता, कोमट, तेलाचा आणि गरम धुळीचा वास घेऊन. दिवे स्थिर होते. मी सांगितलेलं ते अजून धरून होते.

"सर, अजून थोडा वेळ?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. "थोडा," ते म्हणाले.